कोरड्या मुलखातील ओल : रंगछटा दिलेल्या लाकडासाठी लेपाची निवड

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड हे दोन तालुके अवर्षणप्रवण म्हणून ओळखले जातात. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर, वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तोच पाऊस सह्याद्री ओलांडून घोड आणि भीमा या नद्यांच्या खोऱ्यात उतरेपर्यंत पाचशे मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबतो. त्यामुळे लाकडाचे ओलीपासून रक्षण करणे ही कोकणातल्या घरमालकाची चिंता आहे, देशावरच्या माणसाने तिच्यावर पैसा आणि वेळ खर्चण्याचे कारण नाही, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो समज तपासून पाहणे, आणि रंगछटा दिलेल्या लाकडावर ओलीला अटकाव करणारा लेप कोणत्या निकषांवर निवडावा याची मांडणी करणे, हा या पुस्तकाचा हेतू आहे. लाकूड किती ओल सोसते यापेक्षा ओलीत किती चढउतार होतो यावर लेपाचे आयुष्य ठरते, आणि हा चढउतार कोरड्या मुलखातच अधिक तीव्र असतो, हे या पुस्तकाचे मुख्य प्रतिपादन आहे.

विषयप्रवेशापूर्वी दोन संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण व्यवहारात दोहोंसाठी ‘पॉलिश’ हा एकच शब्द सर्रास वापरला जातो. लाकडाच्या रेषा झाकून न टाकता त्याचा वर्ण बदलणाऱ्या द्रवाला या पुस्तकात ‘रंगछटा’ म्हटले आहे. बाजारात तो ‘स्टेन’ या नावाने मिळतो. त्यावर चढवल्या जाणाऱ्या आणि लाकडाचे रक्षण करणाऱ्या पदार्थाला ‘लेप’ म्हटले आहे, मग तो लाकडात मुरणारा असो की पृष्ठावर पापुद्रा धरणारा असो. रंगछटा स्वतः क्वचितच रक्षण करते आणि लेप स्वतः फारसा वर्ण देत नाही, तरीही दोन्हींची निवड परस्परांवर अवलंबून असते. एक सुताराने आणि दुसरी रंगाऱ्याने, एकमेकांना न विचारता केली, तर बहुतेक वेळा त्याचा परिणाम पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच दिसू लागतो.

लाकूड तोडून, चिरून आणि वाळवून झाल्यावरही हवेशी देवाणघेवाण थांबवत नाही. त्याच्या पेशींच्या भिंती हवेतील बाष्प शोषतात आणि हवा कोरडी झाली की ते परत सोडतात. पेशींच्या भिंती पूर्ण भिजलेल्या, परंतु पोकळ्या रिकाम्या असतात, तेव्हा लाकडातील पाण्याचे प्रमाण कोरड्या वजनाच्या सुमारे 30 टक्के असते. या पातळीच्या खाली प्रत्येक बदलाबरोबर लाकूड आकसते किंवा फुगते. तिच्या वर पाणी वाढले तरी आकार बदलत नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता 20 ते 30 टक्क्यांवर दीर्घकाळ राहिली, तर लाकूड 5 ते 6 टक्के ओलीवर स्थिरावू पाहते. आर्द्रता 80 टक्क्यांवर गेली, तर तेच लाकूड 15 ते 16 टक्क्यांकडे सरकते. चैत्र-वैशाखातील कोरड्या, तापलेल्या दुपारी आणि श्रावण-भाद्रपदातील दमट दिवस ही या दोन तालुक्यांतील वर्षाची दोन टोके आहेत, आणि इथले प्रत्येक दार, खिडकी व फळी दरवर्षी या टोकांमध्ये ये-जा करते.

या हालचालीचे मोजमाप साध्या हिशेबाने करता येते. सागवान हे आकार टिकवणारे लाकूड मानले जाते. तरीही वर्षवलयांना समांतर चिरलेली त्याची 300 मिलिमीटर रुंदीची फळी ओल 7 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर गेली असता सुमारे साडेचार मिलिमीटर रुंदावते. वैशाखात सहज फिरणारे दार भाद्रपदात चौकटीला घासते, त्याचे कारण हेच. लाकडाबरोबर फुगण्या-आकसण्याची लवचीकता ज्या लेपात नाही, तो प्रथम जोडांवर, मग कडांवर तडकतो, त्या चिरांतून पाणी आत शिरते, आणि वरचा पापुद्रा शाबूत दिसत असतानाच त्याखालची रंगछटा काळवंडू लागते. भारतीय मानक ब्यूरोच्या आय.एस. 287 या मानकात सापेक्ष आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग पाडून वेगवेगळ्या कामांच्या लाकडात किती ओल चालेल हे ठरवून दिले आहे, ते याच कारणासाठी. पुरेसे न वाळलेले लाकूड उत्तम लेपाखालीही टिकत नाही, हे त्या मानकातून निघणारे पहिले अनुमान आहे.

वाफेच्या रूपातील ओलीखेरीज द्रवरूप पाण्याचाही विचार करावा लागतो, आणि इथे या तालुक्यांचा अलीकडचा इतिहास महत्त्वाचा ठरतो. खडकवासल्याहून निघणारा नवा मुठा उजवा कालवा दौंड तालुक्यातून पुढे इंदापूरकडे जातो. चासकमानचे पाणी खेडमधून शिरूरपर्यंत पोहोचते. शिरूर तालुक्यात चिंचणी येथे घोड नदीवर धरण आहे. आणि भीमेवरील उजनी जलाशयाचा फुगवटा दौंड तालुक्यापर्यंत येतो. पाऊस कमी असला तरी पाणी या भूभागात आले आहे, आणि त्याबरोबर उसाच्या शेतालगतची घरे, पाण्याच्या टाक्यांजवळची दारे, न्हाणीघरांच्या चौकटी आणि दररोज धुतले जाणारे उंबरे यांचा प्रश्नही आला आहे. विहिरी आणि कूपनलिका यांचे पाणी क्षारयुक्त असेल, तर ते वाळल्यावर लेपावर पांढरे ओघळ उमटतात, आणि ते घासून काढण्यासाठी वापरलेला सोडा किंवा कडक साबण काही लेपांना पाण्यापेक्षाही अधिक अपाय करतो.

ओलीचे तिसरे रूप सर्वांत कमी लक्षात घेतले जाते. लाकडाच्या नलिका त्याच्या लांबीच्या दिशेने धावतात, त्यामुळे फळीचा आडवा छेद, म्हणजे जिथे करवतीने तिची लांबी कापली गेली तो माथा, पृष्ठभागाच्या कित्येक पट वेगाने पाणी ओढतो. चौकटीचे पाय, दाराची खालची कड आणि बाकाच्या पायांचे तळ हे सर्व असेच माथे आहेत. दर्शनी भागावर लेपाचे चार हात आणि खालच्या कडेला एकही नाही, अशी स्थिती घरोघर आढळते. अशा दारात ओल खालून वर चढते आणि दोष मात्र लेपाच्या माथी मारला जातो. म्हणून कोणताही लेप फळीच्या सहाही बाजूंना लावावा, आणि माथ्यांना इतर भागांहून एक-दोन हात अधिक द्यावेत, हा नियम लेपाच्या प्रकारावर अवलंबून नाही.

लाकडाच्या रक्षणाची जुनी परंपरा या भागाला अपरिचित नाही. कमी पावसाच्या देशावर माळवदाची घरे बांधली गेली. त्यांच्या कड्या, तुळया, खांब आणि पाट हे मातीच्या छताखाली राहत, आणि दर्शनी दार, चौकट व गणेशपट्टी यांना सणासुदीला तेलाचा हात दिला जाई. मात्र सगळी तेले सारखी नसतात. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते, म्हणून त्याला वाळणारे तेल म्हणतात. या पट्ट्यात रब्बीला पिकणाऱ्या करडईचे तेलही वाळते, पण सावकाश. शेंगदाण्याचे आणि करंजाचे तेल मात्र वाळतच नाही. स्वयंपाकघरात उरलेले तेल दाराला चोळले, तर चार दिवस तकाकी येते आणि पुढे धूळ, चिकटपणा व बुरशी एवढेच मागे राहते. जवसाच्या तेलाचीही मर्यादा आहे. ते पाण्याचा थेंब काही काळ अडवते, परंतु वाफेला जवळजवळ मोकळी वाट देते. त्याचा खरा गुण असा की ते तडकत नाही, पोपडे धरत नाही, आणि दरवर्षी जुना लेप न खरवडता त्यावर नवा हात देता येतो.

दुसरी परंपरा लाखेची. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या सूक्ष्म किड्यांच्या स्रावापासून लाख मिळते. ती शुद्ध करून पातळ चकत्यांच्या रूपात विकतात, तिला चपडा लाख म्हणतात. या किड्यावर आणि त्याच्या उत्पादनावर संशोधन करण्यासाठी रांचीजवळ नामकुम येथे 1924 साली संस्था स्थापन झाली. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून मलमलीच्या बोळ्याने एकावर एक पातळ हात देण्याच्या पद्धतीला फ्रेंच पॉलिश म्हणतात. वाफ अडवण्यात लाख अनेक आधुनिक लेपांच्या बरोबरीने उभी राहते, हे अनेकांना आश्चर्याचे वाटेल. परंतु साचलेल्या पाण्याखाली ती पांढरी पडते, गरम भांड्याखाली मऊ होते, आणि स्पिरिट व सोडा या दोन्हींत विरघळते. देवघर, पुस्तकांचे कपाट, दिवाणखान्यातील जुनी खुर्ची यांना ती शोभते आणि पुरतेही; जेवणाच्या टेबलाला किंवा न्हाणीघराच्या दाराला ती पुरत नाही.

विसाव्या शतकातील रसायनशास्त्राने या यादीत मोठी भर घातली. नायट्रोसेल्युलोज लॅकर हा लाखेप्रमाणेच द्रावक उडून गेल्यावर वाळणारा लेप आहे. तो झटपट सुकतो, पण पातळ असतो आणि उघड्यावर टिकत नाही. अल्किड व्हार्निशमध्ये वाळणारे तेल आणि कृत्रिम राळ यांचा रासायनिक संयोग असतो. त्यात तेलाचे प्रमाण वाढवले की लवचीकता वाढते, आणि जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी तयार झालेले ‘स्पार व्हार्निश’ हे याच जातीचे आहे. मेलामाइन हा आम्लाच्या साहाय्याने घट्ट होणारा लेप कठीण आणि गुळगुळीत असतो, परंतु घराच्या आतच वापरावा असा. जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1937 साली शोधलेल्या पॉलियुरेथेनपासून आजचे ‘पीयू’ लेप उत्क्रांत झाले. त्यांतील दोन घटक ऐनवेळी मिसळायचे प्रकार पाणी, उष्णता आणि घर्षण या तिन्हींना उत्तम तोंड देतात, मात्र त्यांतील आत वापरायचे आणि बाहेर वापरायचे प्रकार भिन्न असतात व ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. इपॉक्सी वाफेला सर्वांत समर्थपणे रोखते, पण उन्हात तिचा पृष्ठभाग खडूसारखा भुकटतो, म्हणून तिच्यावर सूर्यप्रकाश रोखणारा दुसरा लेप अनिवार्य ठरतो.

या सर्वांची तुलना करताना एक भ्रम दूर करावा लागतो. अमेरिकेतील मॅडिसन येथील वनोत्पादन प्रयोगशाळेत वेगवेगळे लेप दिलेल्या तुकड्यांचे दमट हवेत वारंवार वजन करून त्यांची ओल अडवण्याची क्षमता मोजली गेली, आणि त्यातून असे दिसले की कोणताही नेहमीचा लेप वाफेला कायमचा थांबवत नाही, तो फक्त तिचा वेग कमी करतो. हातांची संख्या वाढली की हा वेग आणखी घटतो. आणि केवळ तेल दिलेले लाकूड उघड्या लाकडापेक्षा फारसे वेगळे वागत नाही. लेपाची चकाकी किंवा नखाला जाणवणारा कठीणपणा यांचा ओलरोधाशी थेट संबंध नाही. दुकानात विचारायचा प्रश्न ‘सर्वांत कडक कोणते?’ हा नसून, वाफ, साचलेले पाणी आणि खालून चढणारी ओल यांपैकी कोणत्या शत्रूशी सामना आहे, हा आहे.

लेप आणि त्याखालची रंगछटा यांचे नाते हा या पुस्तकाचा सर्वांत विस्तृत भाग आहे. रंगछटा दोन प्रकारच्या वर्णद्रव्यांपासून बनते. गेरू, काव, पिवडी यांसारखी रंगद्रव्ये न विरघळता सूक्ष्म कणांच्या रूपात लाकडाच्या रंध्रांत बसतात. विद्राव्य रंग मात्र पाण्यात, स्पिरिटमध्ये किंवा तेलात पूर्ण विरघळून पेशींत शिरतात. कणांची रंगछटा उन्हात टिकते आणि लाकडालाही उन्हापासून काहीसे वाचवते, परंतु ती पुसून न काढता पृष्ठावर जाड राहू दिली, तर लेप लाकडाला न धरता त्या भुकटीला धरतो आणि तिच्यासह सुटून येतो. विद्राव्य रंग अधिक पारदर्शक व तेजस्वी दिसतो, पण उघड्यावर फार लवकर फिका पडतो.

माध्यमाचाही विचार तितकाच आवश्यक आहे. पाण्यातील रंगछटा लाकडाचे तंतू उभे करते, म्हणून आधी ओल्या फडक्याने पुसून, वाळू देऊन, बारीक काचकागदाने घासून मगच ती लावावी. स्पिरिटमधील रंगछटेवर लाखेचा बोळा फिरवला, तर तेच स्पिरिट खालचा रंग उचलते आणि पट्टे पडतात. तेलातील रंगछटा पुरती वाळण्यापूर्वी तिच्यावर पाण्याधारित लेप चढवला, तर तो नीट चिकटत नाही. अशा वेळी किमान एक पूर्ण दिवस, आणि दमट हवेत त्याहून अधिक, थांबावे लागते. मधला अडसर म्हणून लाखेचा एक पातळ हात अनेक कारागीर देतात, आणि तो उपाय योग्य आहे. परंतु साध्या चपड्यात थोडे नैसर्गिक मेण असते आणि त्या मेणावर पीयूची पकड ढिली पडते, म्हणून या कामासाठी मेण काढलेली लाखच वापरावी.

लाकडाची जातही मध्ये येते. सागवानातील नैसर्गिक तेलकटपणा व्हार्निशचे वाळणे लांबवतो, म्हणून लेपापूर्वी त्याचा पृष्ठभाग थिनरने पुसणे हिताचे असते. बैलगाडीच्या आणि औतांच्या कामामुळे या मुलखाला सुपरिचित असलेली बाभूळ टॅनिन या तुरट द्रव्याने समृद्ध आहे. टॅनिन आणि लोखंड ओलीत एकत्र आले की काळे संयुग तयार होते. लोखंडी खिळ्याभोवती पसरणारा काळा डाग या रासायनिक क्रियेतून येतो, आणि हिरड्यासारख्या टॅनिनयुक्त पदार्थाला लोहाची जोड देऊन काळा रंग मुद्दाम साधण्याची युक्तीही याच क्रियेवर आधारलेली आहे. आंबा आणि सुबाभूळ यांसारखी लाकडे रंगछटा असमान शोषतात व त्यांना कीडही लवकर लागते. त्यांच्या बाबतीत कीडरोधक संस्कार आधी, रंगछटा नंतर आणि लेप शेवटी, असा क्रम पाळावा लागतो, कारण लेप हा वाळवी आणि भुंगा यांवरील उपाय नाही.

या विवेचनातून काही निर्णय निघतात. घरातील कोरड्या वस्तूंना लाख किंवा मेलामाइन पुरे. जेवणाचे टेबल, स्वयंपाकघरातील फळ्या आणि न्हाणीघराच्या दाराची आतील बाजू यांना दोन घटकांचा पीयू योग्य. पूर्वेला किंवा पश्चिमेला तोंड असलेल्या मुख्य दाराला रंगद्रव्ययुक्त रंगछटा आणि तिच्यावर तेलाचे प्रमाण अधिक असलेले, अतिनील किरण रोखणारे व्हार्निश द्यावे. पारदर्शक, कठीण लेप तिथे टाळावा, कारण ऊन पारदर्शक लेपातून आत जाऊन लाकडातील लिग्निन या बंधक द्रव्याचे विघटन करते आणि लेप खालूनच सुटतो. अंगणातील बाक, झोपाळा आणि सदैव पायदळी तुडवला जाणारा उंबरा यांना पापुद्रा धरणारा लेपच नको. तिथे रंगद्रव्य मिसळलेले वाळणारे तेल दरवर्षी नव्याने द्यावे. कांदा चाळीच्या लाकडी पट्ट्यांसाठी मात्र वारा खेळता ठेवणे हेच पहिले रक्षण आहे आणि तिथे लेपावर खर्च करण्यात अर्थ नाही.

काम कधी करावे, याचे उत्तरही हवामानच देते. दसऱ्यानंतर हवेतील ओल उतरणीला लागते आणि होळीपर्यंत हवा मध्यम कोरडी राहते; हा काळ लेपासाठी उत्तम. भर पावसाळ्यात लाख किंवा लॅकर लावले, तर झपाट्याने उडणारे द्रावक पृष्ठभाग थंड करते, हवेतील बाष्प त्यावर दवासारखे जमते आणि लेपावर पांढुरकी झाक कायम राहते. भर वैशाखात व्हार्निश लावले, तर वरचा थर आतल्या थराआधी वाळून सुरकुततो, आणि लाकूड त्या वेळी सर्वांत आकसलेले असल्याने पावसाळ्यातील फुगवट्याचा सारा ताण लेपावर येतो. सुरक्षिततेचा प्रश्न यापासून वेगळा काढता येत नाही. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून टाकली, तर ती वाळताना स्वतःच तापून पेट घेऊ शकतात, म्हणून ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. दोन घटकांच्या पीयूमधील आयसोसायनेट श्वसनमार्गाला अपायकारक असल्याने फवारणी करताना नाकाला बांधलेला रुमाल पुरत नाही. योग्य मुखवटा आणि खेळती हवा या दोन्हींची गरज असते.

निकष कितीही काटेकोर असले तरी अंतिम निवड नमुन्यावरच व्हावी. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रमाची स्थापना केली, आणि हाताने काम करत विज्ञान शिकण्याची तिथली पद्धत पुढे अनेक ग्रामीण शाळांत पोहोचली. लेपाची परीक्षा ही त्या पद्धतीला साजेशी गोष्ट आहे, कारण तिला महागडी साधने लागत नाहीत. त्याच लाकडाचे, त्याच रंगछटेचे, सारख्या मापाचे तुकडे घ्यावेत. प्रत्येकाला वेगळा लेप सहाही बाजूंना द्यावा आणि एक तुकडा तसाच ठेवावा. मग उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्याच्या अखेरीपर्यंत दर आठवड्याला साध्या वजनकाट्यावर त्यांचे वजन नोंदवावे. ज्याचे वजन सर्वांत सावकाश वाढते, तो लेप वाफेला सर्वांत चांगला रोखतो. दुसऱ्या संचावर रात्रभर ओले फडके ठेवून आणि सकाळी गरम चहाचा पेला टेकवून साचलेल्या पाण्याची व उष्णतेची कसोटी घेता येते.

पुढील प्रकरणांत लाकूड आणि ओल, रंगछटांचे रसायन, लेपांची कुळे, दोन्हींचा मेळ, कामाचा क्रम आणि जुन्या लेपाची दुरुस्ती या क्रमाने विषय उलगडला आहे. हे पुस्तक सुतार, रंगारी, कार्यानुभवाचे शिक्षक आणि घर बांधणारा सामान्य गृहस्थ या चौघांसाठी आहे, आणि त्यांपैकी कोणालाही रसायनशास्त्राचे पूर्वज्ञान असल्याचे गृहीत धरलेले नाही. सर्व जागी आणि सर्व काळी उत्तम ठरणारा लेप अस्तित्वात नाही. ज्याची दुरुस्ती घरच्या माणसाला वेळच्या वेळी करता येते, तोच लेप त्या घरासाठी उत्तम होय. म्हणून वाचकाने डबा विकत घेण्यापूर्वी वस्तू कुठे राहणार, तिला कोणती ओल लागणार, तिच्यावर कोणती रंगछटा आहे आणि पाच वर्षांनी तिची देखभाल कोण करणार, या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत, आणि मगच पुढील पानांतील कोष्टकांकडे वळावे.